दर पावसाळ्यात पार्किंगमध्ये पाणी : गटारं उपसूनही का शिरतं, आणि नेमकं कुठे शोधायचं

आमची सोसायटी पुण्याच्या दक्षिणेला, डोंगराच्या उतरणीवर आहे. एक एकराचा प्लॉट, दोन इमारती, 100 फ्लॅट, अर्धं जमिनीत गेलेलं पार्किंग आणि मागच्या सीमाभिंतीला लागून एक ओढा. हा ओढा पुढे आंबिल ओढ्याला मिळतो. आम्ही 2006 साली राहायला आलो. पहिली आठ-नऊ वर्षं पार्किंग कोरडं ठणठणीत होतं. मग एका जूनमध्ये घोटाभर पाणी आलं. पुढच्या वर्षी पुन्हा. त्यानंतर दर पावसाळ्यात दोन-तीनदा तरी पाणी शिरायचंच, आणि एकदा तर दुचाकींच्या सीटपर्यंत चढलं.

दरवेळी आम्ही तेच करत होतो. मे महिन्यात गटारं उपसायची, जाळ्या साफ करायच्या, मडपंपाची (गढूळ पाणी उपसायच्या पंपाची) सर्व्हिसिंग करायची. पाणी आलं की सफाईवाल्याला बोल लावायचे आणि पुढच्या वर्षी आणखी मोठा पंप घ्यायचा. तीन पंप झाले, पाणी तसंच. शेवटी दोन पावसाळे नीट बसून शोध घेतला, तेव्हा कुठे गाठ सुटली. तुमच्याकडेही असंच चालू असेल तर आमचा तो शोध तुमच्या कामी यावा म्हणून सगळं लिहून ठेवतोय.

एक गोष्ट सगळ्यात आधी. पार्किंगमध्ये पाणी असताना मीटररूमचा मेन स्विच बंद असल्याची खात्री होईपर्यंत कोणीही पाण्यात उतरू नये. गाडी काढायला नाही, पंपाची वायर लावायला तर अजिबातच नाही. लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करा. हे वॉचमनलाही शिकवून ठेवा, कारण रात्री दोन वाजता खाली तोच असतो.

पाणी कुठलं आहे ते ओळखा

पाणी शिरलं की सगळे जण ते बाहेर कसं काढायचं याच्या मागे लागतात. ते आलं कुठून हे कोणी बघत नाही, आणि पाणी ओसरल्यावर सगळा पुरावाही वाहून गेलेला असतो. म्हणून आम्ही एक साधी गोष्ट केली. पार्किंगच्या चार खांबांवर पट्टीने सेंटिमीटरच्या खुणा केल्या, गेटवर एक खडूचा डबा ठेवला, आणि ठरवलं की जोराचा पाऊस सुरू झाला की दोघांनी खाली यायचं आणि दर पाच मिनिटांनी वेळ आणि पातळी लिहायची.

त्या वर्षीचा पहिला मोठा पाऊस संध्याकाळी सव्वासातला सुरू झाला. मी आणि आमचे वॉचमन दादा खाली, हातात बॅटरी, खडू आणि मोबाइल. पाऊस सुरू होऊन दहा मिनिटं झाली नाहीत तोच रॅम्पवरून पाण्याची चादर उतरायला लागली. पाणी बऱ्यापैकी स्वच्छ होतं, वर बदामाची पानं आणि एक बिस्किटाचा पुडा तरंगत होता. पावणेआठपर्यंत खांबावर सहा सेंटिमीटर. मग पातळी थांबली, आम्हाला वाटलं संपलं. पण आठच्या सुमारास गेटाच्या कोपऱ्यातून दुसरं पाणी आलं, ते तांबूस, मुरमाचं, आणि इतक्या जोरात की वीस मिनिटांत खूण सहावरून तीसवर गेली. साडेआठला पाऊस जवळजवळ थांबला. पातळी उतरायला हवी होती, पण ती उतरेना. उलट मागच्या कोपऱ्यातल्या चेंबरच्या झाकणाच्या भोकांतून काळं, वासाचं पाणी बुडबुडत वर यायला लागलं.

एका संध्याकाळी, एकाच पार्किंगमध्ये, तीन वेगळी पाणी आली होती. आम्ही इतकी वर्षं त्यांना एकच समजत होतो, आणि एकच औषध देत होतो.

तुमच्याकडे बघताना या गोष्टी लक्षात ठेवा. पाऊस सुरू झाल्यावर पंधरा मिनिटांच्या आत येणारं, तुलनेनं स्वच्छ पाणी हे बहुतेक तुमच्याच गच्चीचं आणि अंगणाचं असतं. अर्ध्या-पाऊण तासाने येणारं गढूळ पाणी वरच्या बाजूचं, म्हणजे दुसऱ्यांच्या जमिनीवरून आलेलं. चेंबरमधून वर येणारं, वास येणारं पाणी म्हणजे ड्रेनेजची, म्हणजे सांडपाण्याची, लाइन तुंबलीय किंवा तिच्यात पावसाचं पाणी शिरलंय. पाऊस थांबल्यावरही न उतरणारं किंवा चढत जाणारं पाणी म्हणजे ज्या ओढ्यात तुमचं गटार सुटतं त्याचीच पातळी तुमच्या पाइपाच्या वर गेलीय. आणि पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी भिंतीच्या सांध्यातून नितळ पाणी झिरपत असेल तर ते जमिनीतलं पाणी. हा पाचवा प्रकार आमच्याकडे नव्हता, त्यामुळे त्यावर मी बोलत नाही. त्याला वॉटरप्रूफिंगवाला आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर लागतो.

आपलंच पाणी किती असतं

याचा अंदाज आमच्यापैकी एकालाही नव्हता. हिशोब अगदी शाळेतला आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी होतं. आमचा प्लॉट साधारण 4,000 चौरस मीटर. तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस म्हणजे 2 लाख लिटर, दहा हजार लिटरचे वीस टँकर. उन्हाळ्यात दोन टँकरसाठी आम्ही फोनवर फोन करतो, आणि जूनमध्ये वीस टँकर एका तासात आपल्या दारात ओतले जातात.

आता यातलं किती वाहून जातं ते जमिनीवर अवलंबून. गवताचा माळ असेल तर ढोबळमानाने तीस टक्के वाहतं, बाकीचं मुरतं, गवतात अडतं, खळग्यांत साचतं. गच्ची, डांबर, काँक्रीट असेल तर नव्वद टक्क्यांपर्यंत वाहतं. म्हणजे आमची सोसायटी होण्याआधी याच जमिनीवरून त्या तासात 60 हजार लिटर खाली गेलं असतं, आता 1 लाख 80 हजार जातं. तिप्पट. हे आमच्या प्लॉटचं. वरच्यांना नावं ठेवायच्या आधी हा आकडा आम्ही नोटीस बोर्डावर लावला, कारण आमच्या खाली राहणाऱ्या वस्तीसाठी आम्हीच 'वरचे' आहोत.

1 लाख 80 हजार लिटर तासाला म्हणजे सेकंदाला 50 लिटर. प्लॉटमधून ओढ्याकडे पाणी न्यायला बिल्डरने 6 इंची दोन पाइप टाकलेले. चांगला ढाळ असेल आणि पाइप आतून स्वच्छ असेल तर 6 इंची पाइप सेकंदाला साधारण 18 लिटर पाणी नेतो. दोन मिळून 36. उरलेलं पाणी सर्वांत सखल जागेकडे जाणार, आणि आमच्याकडे सर्वांत सखल जागा म्हणजे रॅम्प. पाइप कितीही उपसले तरी 36 चे 50 होणार नव्हते. सफाईवाल्याला आम्ही इतकी वर्षं विनाकारण बोललो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्याची माफीही मागितली.

आणि पाऊस तासभर सारखा थोडाच पडतो? दहा मिनिटांत 20 मिलिमीटरची सर आली तर त्या दहा मिनिटांत सेकंदाला 120 लिटर पाणी तयार होतं. गटार नेहमी अशा सरीसाठी मोजायचं असतं. इथे एक गोष्ट उपयोगाची आहे. पाइपाचा व्यास दुप्पट केला तर त्याची वहनक्षमता दुप्पट होत नाही, सहापटीहून जास्त होते. 12 इंची पाइप त्याच ढाळावर सेकंदाला 110 लिटरच्या पुढे नेतो. त्यामुळे दोनाचे चार 6 इंची करण्यापेक्षा एक मोठा पाइप टाका, तो उपसायलाही सोपा जातो.

पंपाचं गणितही इथेच कळतं. 1 एचपीचा मडपंप सहा मीटर उंचीवर सेकंदाला चार-पाच लिटर पाणी चढवतो. समोरून 50 लिटर येत असताना पाच लिटरचा पंप काय करणार? पंप शेवटचं पाणी काढायला असतो, येणारं पाणी थोपवायला नसतो. तीन पंपांच्या पैशात आमचा मोठा पाइप झाला असता.

ड्रेनेजच्या चेंबरमधून येणारं काळं पाणी

हे कोडं आठवड्याभरात सुटलं, आणि दोष घरातच निघाला. दोन नंबरच्या इमारतीच्या गच्चीचे चार पाइप पावसाळी गटारात न सोडता बांधकामाच्या वेळीच ड्रेनेजच्या चेंबरला जोडलेले होते. चाचणी सोपी आहे. कोरड्या दिवशी गच्चीवर नळीने पाणी सोडा, त्यात थोडा गुलालाचा किंवा खाण्याचा रंग टाका, आणि खाली एकेका चेंबरचं झाकण उघडून बघा.

हे जोडकाम किती घातक आहे ते आकड्यांतून बघा. माणशी रोज 135 लिटर पाणीपुरवठा धरतात आणि त्यातलं 80 टक्के सांडपाणी होतं, म्हणजे 108 लिटर. आमच्या 400 माणसांचं दिवसभराचं सांडपाणी 43 हजार लिटर. आणि आमच्या दोन्ही गच्च्या मिळून 1,500 चौरस मीटर, म्हणजे 50 मिलिमीटरच्या तासात 75 हजार लिटर. निम्मी गच्ची जोडली तरी जवळपास दिवसभराच्या सांडपाण्याइतकं पाणी त्या लाइनमध्ये एका तासात घुसवल्यासारखं आहे. वस्ती वाढेल तशी ड्रेनेज लाइन आधीच काठोकाठ भरून चाललेली असते. प्रत्येक सोसायटीने चार-चार पाइप असे जोडले की रस्त्यावरची झाकणं उडतात, आणि ते मैलापाणी सगळ्यात खालच्या घरात, बहुतेक बैठ्या चाळीत शिरतं. ही जोडणी तुमच्याकडे असेल तर या पोस्टमधलं बाकी काही नंतर केलंत तरी चालेल, हे आधी तोडा. आम्हाला चार पाइप वळवायला दोन दिवस लागले आणि खर्च फार आला नाही. त्यानंतर चेंबर एकदाही उसळलं नाही.

वरचं पाणी

तांबड्या पाण्याचा शोध सगळ्यात अवघड होता, कारण त्याचं मूळ आमच्या भिंतीबाहेर होतं.

गुगल अर्थवर जुन्या वर्षांची उपग्रहचित्रं बघता येतात. 2006 चं चित्र काढलं तर आमच्या वर गवताचा डोंगर, दोन शेतं, एक कच्ची वाट. त्यानंतरची चित्रं ओळीने बघत गेलो तर आधी वाटेचा डांबरी रस्ता झाला, मग शेतांचे प्लॉट पडले, मग रो-हाऊस, मग डोंगराच्या पायथ्याशी पत्र्याच्या शेडांची रांग आणि गाड्यांची पार्किंगं. आमच्या गेटाकडे उतरणारं क्षेत्र मोजलं तर साधारण 10 हेक्टर भरलं. त्या वेळी जवळपास सगळं उघडं होतं. आता पाऊण हिस्सा झाकलेला आहे.

50 मिलिमीटरच्या तासात उघड्या 10 हेक्टरवरून सेकंदाला साधारण 400 लिटर पाणी खाली आलं असतं. आता साधारण 1,040 लिटर येतं. पण नुसतं पाणी वाढलं एवढ्यावर हे थांबत नाही, त्याचा वेगही वाढतो. गवतातून, बांधांवरून, ओघळीतून रमतगमत येणारं पाणी आता रस्त्यावरून आणि पाइपांतून झपाट्याने येतं. पूर्वी वरचं पाणी पोचेपर्यंत आमचं स्वतःचं पाणी ओढ्याला लागलेलं असे. आता दोन्ही एकमेकांच्या पाठीवर येतात. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने 2010 साली शहरी पुरांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात म्हटलंय की शहरीकरणामुळे पुराचा कळस, म्हणजे ऐन भरातला प्रवाह, 1.8 पासून 8 पटींपर्यंत वाढतो आणि पुराच्या पाण्याचं एकूण प्रमाण 6 पटींपर्यंत. पाण्यापेक्षा कळस जास्त का वाढतो, हे मला आमच्या खांबावरच्या खडूच्या खुणांनी समजावलं.

लोकसंख्येचा संबंध इथे येतो. 2001 च्या जनगणनेत पुणे महापालिका हद्दीत 25 लाख 38 हजार माणसं होती, 2011 मध्ये 31 लाख 24 हजार. 2021 मध्ये आणखी 23 गावं आत आली आणि हद्द 500 चौरस किलोमीटरच्या पुढे गेली. माणसं यायचीच, आम्हीही अशीच आलो. पण पुराचा हिशोब माणशी किती जमीन झाकली यावर चालतो. चार मजली इमारतीत राहणारं कुटुंब आणि पाव एकराच्या फरशी घातलेल्या बंगल्यात राहणारं कुटुंब पाण्याच्या हिशोबात सारखं नाही. आणि घरापेक्षाही गाडी जमीन झाकते. आमच्या सोसायटीत आधी होती ती बाग काढून पार्किंगसाठी काँक्रीट केलं, तो ठराव मीच मांडला होता.

मुंबईचं उदाहरण यात फार बोलकं आहे. तिथली जुनी पावसाळी गटारं ताशी 25 मिलिमीटर पावसासाठी होती, आणि त्यातलंही निम्मंच पाणी वाहणार, निम्मं मुरणार असं धरून आखलेली. मुंबईच्या पावसाळी गटारांवरच्या 1993 च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ते बदलून ताशी 50 मिलिमीटर आणि सगळंच्या सगळं पाणी वाहणार असं धरलं. म्हणजे शहराच्या गटारांचा हिशोब करणाऱ्यांनीच मान्य केलं की इथे आता काही मुरत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पडला, तो कुठल्याच गटाराच्या आवाक्यातला नव्हता. पण दरवर्षी तुंबणाऱ्या चौकांचं उत्तर 944 मध्ये नसून त्या 25 आणि 50 च्या फरकात आहे.

नकाशावर सगळं कळलं, तरी पाणी नेमकं आमच्याच गेटाच्या कोपऱ्यात का येतं ते कळेना. ते पलीकडच्या वस्तीतल्या एका आजींनी सांगितलं. त्यांच्या सासऱ्यांचं शेत आमच्या प्लॉटच्या वरच होतं. गेटाजवळ उभं राहून त्यांनी हाताने रेघ दाखवली. "हितनं चर जायचा आमचा. कंबरंएवढा. वरलं समदं पाणी त्यातनं वढ्याला. तुमचं कंपाउंड झालं तवा बुजला. पाणी कुटं जाईल मग? त्याला त्योच रस्ता म्हाईत."

गाव नकाशावर ओढे दिसतात, पण असे शेतचर बहुतेक दिसत नाहीत. ते जुन्या माणसांच्या डोक्यात असतात. तुमच्या भागात अशी माणसं अजून आहेत तोवर त्यांना सोबत घेऊन एकदा हद्दीवरून फिरा. मोबाइलवर शूटिंग करा.

आम्ही काय केलं

रॅम्पच्या माथ्यावर 15 सेंटिमीटरचा उंबरठा चढवला, त्याच्या अलीकडे रॅम्पच्या पूर्ण रुंदीची आडवी जाळी आणि खाली चर. दुचाकी घसरू नये म्हणून उंबरठ्याला दोन्हीकडे लांब उतार दिला. जाळीचे गज प्रवाहाच्या दिशेने ठेवले, आडवे ठेवले की पानं अडकून पाणी वरून उडी मारून पुढे जातं. एवढ्या एका कामाने पहिलं पाणी जवळपास बंद झालं. सगळ्यात स्वस्त काम हेच, आणि आधी हेच करा.

गच्चीचं पाणी उशिरा सोडायची सोय केली. मुलांच्या खेळायच्या जागेखाली 30 हजार लिटरची टाकी. हा आकडा असा काढला: 1,500 चौरस मीटर गच्ची आणि दहा मिनिटांत 20 मिलिमीटरची सर. टाकीच्या तळाला फक्त 2 इंचांचं भोक ठेवलंय. भरलेली टाकी साधारण तीन तासांत आपोआप रिकामी होते आणि पुढच्या सरीसाठी तयार राहते. बरेच जण ही टाकी बागेसाठी पाणी साठवायला भरून ठेवतात. मग ती पुराच्या कामाची राहत नाही. साठवायची टाकी आणि रोखायची टाकी वेगळी ठेवा, किंवा एकाच टाकीत भोक अर्ध्या उंचीवर ठेवा, म्हणजे खालचा अर्धा साठा आणि वरचा अर्धा रिकामा.

मुरवण्याबद्दल सावध राहा. 'शोषखड्डा करा' हा सल्ला सगळे देतात, पण पुण्याच्या कातळावर तो सगळीकडे चालत नाही. फूटभर लांब, रुंद, खोल खड्डा खणून पाण्याने भरा. एकदा जिरू द्या, पुन्हा भरा, आणि मग घड्याळ लावा. मुरूम लागला असेल आणि अर्ध्या तासात पाणी गेलं तर शोषखड्डा जरूर करा, पण इमारतीच्या पायापासून आणि पार्किंगच्या भिंतीपासून पाच-सहा मीटर लांब. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तसंच असेल, म्हणजे खाली काळी माती किंवा सलग कातळ असेल, तर तिथे पैसे घालू नका. आमच्याकडे तीन जागी चाचणी केली, एकाच जागी पाणी मुरलं, तिथेच खड्डा केला. बोअरमध्ये पाणी सोडायचं तर फक्त गच्चीचं आणि गाळणीतून. पार्किंगचं ऑइल मिसळलेलं पाणी बोअरमध्ये कधीच सोडू नका. महाराष्ट्राच्या एकत्रित बांधकाम नियमावलीनुसार 500 चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटवर नव्या बांधकामाला रेनवॉटर हार्वेस्टिंग बंधनकारक आहे, तेव्हा तुमची इमारत नवी असेल तर ती व्यवस्था कागदावर आहे की जमिनीतही, ते उघडून बघा.

काँक्रीट केलेल्या अंगणापैकी तिसरा हिस्सा फोडला. तिथे पेव्हर ब्लॉक बसवले, पण खाली काँक्रीट न टाकता खडी आणि वाळूवर. कंत्राटदार हमखास म्हणतो की "साहेब, खाली पीसीसी (साधं काँक्रीट) नसेल तर ब्लॉक खचतील." जड गाड्यांच्या वाटेवर ते खरं आहे, तिथे त्याचं ऐका. चालायच्या जागेवर आणि दुचाकींखाली ऐकू नका. बागेचे वाफे आपल्याकडे कट्टा बांधून उंच करतात, त्यामुळे अंगणातला एक थेंबही मातीला लागत नाही. आम्ही वाफे चार इंच खाली घेतले आणि कट्ट्याला दर दोन मीटरवर खाच पाडली. पहिल्या पावसात त्या खाचांतून पाणी आत वळताना बघायला निम्मी सोसायटी छत्र्या घेऊन खाली उभी होती.

वरच्या पाण्यासाठी आजींनी दाखवलेला चर पुन्हा काढला. आता तो सीमाभिंतीच्या आतून, काँक्रीटचा, झाकलेला, ओढ्यापर्यंत जातो. आपल्या जागेतली दीड मीटर पट्टी सोडायला सभेत तीन बैठका लागल्या. भिंत उंच करून पाणी बाहेरच अडवावं असं बऱ्याच जणांचं म्हणणं होतं. मी त्याला ठाम विरोध केला. साध्या सीमाभिंतीमागे पाणी तुंबवलं की ती भिंत धरण होते, आणि ती धरणासाठी बांधलेली नसते. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा अरण्येश्वरच्या टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसं गेली. त्या रात्री शहर आणि जिल्ह्यात मिळून वीसहून जास्त जीव गेले. पाण्याला भिंत घालायची असेल तर आधी त्याला वाट द्या.

चर रुंद झाल्याने आमचं संकट खालच्या वस्तीवर ढकललं जाऊ नये म्हणून वरच्या दोन सोसायट्यांशीही बोललो. तक्रार घेऊन गेलो नाही, हिशोब घेऊन गेलो. त्यांच्या प्लॉटचे लिटर काढून दिले, आमची टाकी दाखवली. एकीने गेल्या वर्षी तशीच टाकी केली. दुसरीत अजून चर्चा चालू आहे. पुण्यात रेनवॉटर हार्वेस्टिंगसारख्या सोयींसाठी मिळकतकराच्या सर्वसाधारण करात सवलत मिळते, ही माहिती त्या बैठकीत फार उपयोगी पडली.

ओढाच भरला तर

चौथ्या प्रकाराला सोसायटीच्या हातात फार थोडं असतं. ओढ्याकडच्या पाइपाच्या तोंडाला एकदिशा झडप बसवली, म्हणजे ओढा चढला की झडप मिटते आणि त्याचं पाणी आत येत नाही. पण मग आपलंही बाहेर जात नाही. पंपाची खरी गरज फक्त त्या वेळी असते. म्हणून आता दोन मोठे पंप, फ्लोट स्विचवर (पाणी चढलं की आपोआप चालू होणारे), जनरेटरला जोडलेले आणि पाणी झडपेच्या पलीकडे, भिंतीवरून टाकणारे. झडपेत एक चप्पल अडकली तरी ती मिटत नाही, त्यामुळे दर पंधरा दिवसांनी हाताने उघडून बघावी लागते. आमच्याकडे हे काम शनिवारी सकाळी होतं.

ओढा भरण्याचं कारण आमच्यापासून दीडशे मीटर खाली आहे. रस्त्याखालच्या मोरीला दोन गोल पाइप आहेत. त्यांच्या तोंडाशी एखादी गादी, झाडाची फांदी आणि प्लॅस्टिक अडकलं की ओढ्याला मागे फुगवटा येतो. ओढ्याच्या काठाने राडारोडा टाकून पात्र अरुंद झालेलं आहे, तेही कारण आहेच. हे आपण हात लावायचं काम नाही, पालिकेकडेच लिहावं लागतं. 'दरवर्षी पाणी येते, त्वरित कार्यवाही करावी' असं पत्र सगळेच देतात, त्यातून क्षेत्रीय कार्यालयातल्या इंजिनिअरला काहीच कळत नाही. आम्ही पत्रात मोरीचं ठिकाण नकाशावर दाखवलं, दोन्ही पाइपांचे व्यास टेपने मोजून दिले, कोरड्या दिवशीचा आणि पुराच्या वेळचा एकाच जागेवरून काढलेला फोटो लावला, आणि खांबावरच्या पातळ्यांचा वेळेसह तक्ता जोडला. मागणी एकच ठेवली: गोल पाइपांच्या जागी चौकोनी, मोठ्या गाळ्याची मोरी. पत्र जानेवारीत दिलं, कारण मे महिन्यात फक्त गाळ काढता येतो, मोरी बांधता येत नाही. जागेवर पाहणी झाली, मोजणीही झाली. काम अजून व्हायचं आहे.

तोवर ओढ्याच्या पुरासाठी आम्ही भिंतीवर लाल रंगाची एक रेघ मारली आहे. ओढा त्या रेघेला लागला की वॉचमन दादा घंटा वाजवतात, खालच्या वस्तीतल्या दोन घरांना फोन करतात, आणि आम्ही गाड्या वरच्या रस्त्यावर काढतो. पाणी रेघेपासून रॅम्पपर्यंत यायला साधारण पंचवीस मिनिटं लागतात. गेल्या दोन पावसाळ्यांत घंटा एकदाच वाजली. त्या रात्री पार्किंगच्या खांबावर खडूची खूण चार सेंटिमीटरच्या वर गेली नाही.